रविवारी घर मंडळीचं, मग आमचं कधी?

ताई, सलाम.

मी एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. माझे मिस्टर चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. घरात सासूबाई, दहावीतली मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी चार कुटुंबं आमच्या हॉलमध्ये प्रार्थनेला बसू लागली. आता रविवारी आमच्या या मंडळीत, म्हणजे घरगुती चर्चमध्ये, अडतीस-चाळीस माणसं असतात. मिस्टरच बायबलमधलं वचन सांगतात, सगळे त्यांना पास्टर म्हणतात. शिवाय बुधवारी संध्याकाळी उपवास-प्रार्थना आणि शुक्रवारी तरुणांची संगती.

शनिवारी रात्री सोफा बेडरूममध्ये सरकवायचा, सतरंज्या अंथरायच्या, खुर्च्या मांडायच्या. रविवारी साडेनऊला लोक येतात, शेवटचा माणूस चारला जातो. चहा आणि बऱ्याचदा जेवणही माझ्याकडेच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांच्या पलंगावर सगळ्यांच्या पर्स आणि झोपलेली बाळं असतात, म्हणून त्या दुपारपर्यंत खुर्चीतच. मुलगी पुस्तकं घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसते. मागच्या महिन्यात मंडळीतली एक बहीण नवऱ्याच्या मारहाणीमुळे दोन लेकरांना घेऊन आठवडाभर आमच्याकडे राहिली. तिला नाही कसं म्हणणार?

परवा मुलगी म्हणाली, "मम्मी, माझी परीक्षा होईपर्यंत तरी घरात फक्त आपण असू का?" मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "घर देवाने दिलंय, आता देवाच्या कामाला नाही म्हणायचं का?" मी गप्प बसले. मंडळीवर माझा जीव आहे. पण रविवार जवळ आला की छातीत धडधडतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

— एक भगिनी, पिंपरी-चिंचवड

*

प्रिय भगिनी, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला आतून खातोय. नाही, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. कमी पडतेय ती झोप आणि मदत. ही उणीव विश्वासाने भरून काढा, असं पवित्र शास्त्र कुठेही सांगत नाही. आणि छातीत धडधडण्याचं म्हणाल, तर वॉर्डातल्या एखाद्या बाईने तुम्हाला हेच सांगितलं असतं तर तुम्ही आधी तिची नाडी पाहिली असती, बीपी घेतलं असतं. मग स्वतःचंही या आठवड्यात तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडसुद्धा. ते सगळं नीट निघालं तर उत्तमच, पण धडधड मनाचीच आहे असं आधीच ठरवून टाकू नका.

आता घराबद्दल.

घरात मंडळी जमवणं ही काही कुणाची नवी टूम नाही. मंडळीचा जन्मच घरांत झाला. यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून रात्री ज्या दारावर थाप मारतो ते योहान मार्काच्या आईचं, मरीयेचं घर होतं आणि आत पुष्कळ लोक प्रार्थना करत होते. फिलिप्पैमध्ये लुदियेचं घर होतं, कलस्सैच्या पत्रात नुंफाच्या घरातल्या मंडळीला सलाम आहे, फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीलाच त्याच्या घरी जमणारी मंडळी आहे. तेव्हा तुम्ही चार कुटुंबं हॉलमध्ये बसलात ते योग्यच केलंत. तुमचे मिस्टर म्हणतात की घर देवाने दिलं, तेही खरं आहे.

पण ही सगळी घरं वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटते. ती अनेक होती. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय तुम्ही दोघांनी पुन्हा शांतपणे वाचा. तो नावांचा अध्याय म्हणून आपण बहुतेक वेळा वरवर चाळतो. त्यात प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरची मंडळी आहे, पुढे काही नावं घेऊन "त्यांच्याबरोबरचे बंधू" आहेत, आणि त्यापुढे आणखी काही नावांसोबतचे पवित्र जन आहेत. म्हणजे एकाच रोम शहरात विश्वासी माणसं निरनिराळ्या ठिकाणी जमत होती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातही भाकर मोडली जाते ती घरोघरी. सगळं शहर एकाच बाईच्या स्वयंपाकघरातून जेवत होतं असं कुठेच नाही.

आणखी एक. अक्विला आणि प्रिस्क यांची नावं नव्या करारात सहा ठिकाणी येतात आणि सहाही ठिकाणी ती जोडीनेच येतात. हातांनी तंबू शिवून पोट भरणारं हे जोडपं रोम, करिंथ, इफिस असं फिरलं आणि दोन शहरांत त्यांच्या घरी मंडळी जमली. प्रेषित पौलाने अक्विलाबद्दल लिहिताना एकदाही प्रिस्केला वगळलं नाही, आणि तिच्याबद्दल लिहिताना त्यालाही नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त टोचलेलं वाक्य आहे "मी गप्प बसले." घरात मंडळी जमवायची तर तो निर्णय दोघांचा असावा लागतो. पाच वर्षांपूर्वी चार कुटुंबांसाठी तुम्ही हो म्हणालात. चाळीस माणसांसाठी, आठवड्यातून तीन दिवसांसाठी, तुम्हाला पुन्हा कुणी विचारलंय का? माझा अंदाज, कुणीच विचारलेलं नाही. माणसं वाढत गेली आणि जुनाच होकार गृहीत धरला गेला.

तुमच्या मिस्टरांसाठी मी एक दुसरा अध्याय सुचवते, बायबलमधलं निर्गम १८. सासरा इथ्रो याने मोशेला कामं वाटून द्यायला सांगितली, ती गोष्ट प्रचारात त्यांनी कदाचित स्वतःही सांगितली असेल. पण अध्याय सुरू कसा होतो ते पाहा. इथ्रो रानात येतो तो एकटा नाही. मोशेने माघारी पाठवलेली त्याची बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे, गेर्षोम आणि अलियेजर, यांना तो बरोबर घेऊन येतो. मोशे सासऱ्याला नमन करतो, दोघे खुशाली विचारतात, तंबूत जातात, देवाने काय काय केलं ते बोलतात, यज्ञ होतो, वडीलजनांसह जेवण होतं. आणि दुसऱ्याच दिवशी मोशे न्याय करायला बसतो तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत, भोवती लोकांची रीघ. इतक्या दिवसांनी भेटलेल्या बायकोमुलांचा त्या अध्यायात पुढे उल्लेखसुद्धा येत नाही. हे सगळं बघणारा माणूस कोण होता? त्या बायकोचा बाप, त्या मुलांचा आजोबा. तो जावयाला तोंडावर सांगतो की हे काही बरं नाही, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. मोशेने ते ऐकलं. मोशेच्या विश्वासावर शंका घेण्याचं धाडस कोण करील? तरीही त्याला हे कुणीतरी सांगावं लागलं.

तुमच्या घरात आज इथ्रोचं काम तुमच्या मुलीने केलंय. ती बंड करत नाहीये. मंडळी बंद करा असंही म्हणत नाहीये. परीक्षेपर्यंत, एवढंच मागतेय. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गच्चीच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत, मांडीवर बीजगणिताचं पुस्तक घेऊन बसते आणि तरीही एवढ्या सभ्यपणे विचारते, यावरून तुम्ही तिला चांगलं वाढवलंय हे कळतं. तिला नाही म्हणू नका. पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, आणि सेवाकार्यातल्या लोकांच्या मुलांशी मी बरीच वर्षं बोलतेय. मोठेपणी मंडळीपासून दूर गेलेल्या मुलांच्या मनात देवाविषयी राग क्वचितच असतो. त्यांना आठवतं ते हे, की घरातल्या प्रत्येक परक्या माणसाला आईवडिलांचा वेळ होता आणि आम्हाला मात्र समजूतदार राहायला सांगितलं जायचं.

मला जे म्हणायचंय ते आता सरळ लिहिते. घरातल्या मंडळीचं जे काही बळ आहे ते ते घर असण्यात आहे. चर्चच्या बाकावर जो माणूस अवघडतो तो सतरंजीवर मोकळा होतो, कारण तिथे एक संसार चाललेला असतो, आजी असते, अभ्यास करणारी मुलगी असते, कुकरची शिट्टी होते. त्या संसारातली माणसंच जर रविवारी जिन्यात आणि खुर्चीत ढकलली गेली, तर उरतो फक्त एक छोटा, गैरसोयीचा हॉल. मग पैसे देऊन मोठा, सोयीचा हॉल घेतलेलाच बरा. म्हणून तुम्ही घर वाचवायचं म्हणता तेव्हा मंडळीच्या विरुद्ध काही करत नाही. लोक ज्यासाठी तुमच्याकडे येतात तेच तुम्ही सांभाळताय.

सीरियात फरात नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाच्या प्राचीन शहरात एक घर सापडलं. सध्या ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती उपासनाघरांपैकी ते एक. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या विश्वासी लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद बांधला. त्यानंतर ते राहतं घर उरलं नाही, ते मंडळीचं झालं. आपल्याकडेही अहिल्यानगर, मिरज, जालना इथल्या जुन्या मिशन कंपाउंडांत देऊळ वेगळं आणि पाळकांचा बंगला वेगळा. मध्ये चार पावलांचं अंगण, पण दार लावून घेता येतं. तुमच्या मंडळीपुढे आज दोनच प्रामाणिक वाटा आहेत. एक, अनेक घरांत विभागायचं. दोन, वेगळी जागा घ्यायची. चाळीस माणसं एकाच फ्लॅटमध्ये कायमची, ही वाट टिकणारी नाही.

मी तुमच्या जागी असते तर पहिली वाट धरली असती. चाळीसातली कुटुंबं किती असतील? नऊ-दहा. त्यांतली तीन घरं तरी अशी निघतील जिथे दहा-बारा माणसं बसू शकतात. लोक म्हणतील, आमचं घर लहान, आमचं भाड्याचं. लहान घर ही अडचण नाही, वन रूम किचनमध्येही बारा माणसं मांडीला मांडी लावून प्रार्थना करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. भाड्याचं असेल तर घरमालकाला आधी विचारून घ्यावं. बुधवारची प्रार्थना तर लगेच फिरती करता येईल, त्यासाठी कसलीच तयारी लागत नाही. शुक्रवारची तरुण संगती ज्या घरात दहावी-बारावीचं कुणी नाही तिथे जाऊ दे. रविवारचे दोन गट वेगवेगळ्या घरी जमावेत आणि महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या (कम्युनियनच्या) रविवारी, सगळ्यांनी एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये किंवा ओळखीच्या चर्चच्या सभागृहात एकत्र यावं. दुसऱ्या गटात वचन कोण सांगणार, हा प्रश्न तुमच्या मिस्टरांना पडेल. तोच तर इथ्रोचा मुद्दा आहे. पाच वर्षांत दुसरं एकही माणूस तयार झालं नसेल, तर ते तयार करण्याचं काम आता सुरू करायचं.

हे ठरायला दोन-तीन महिने लागतील. तोवर काय करायचं, तर तुमच्या मुलीची खोली बंद ठेवायची. पर्स नकोत, बाळं नकोत, सोफाही नको, दाराला आतून कडी. दुसरी खोली सासूबाईंची. त्यांचा पलंग रविवारी त्यांच्यासाठीच मोकळा राहील. पर्स मांडीवर ठेवता येतात. बाळांना आईच्या शेजारी सतरंजीवर गोधडी घालता येते. यामुळे हॉलमध्ये जागा कमी पडेल, दाटी होईल, आणि तशी ती झालेली बरी. विभागायची वेळ झालीय हे मग कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

वेळेचंही तसंच. साडेनऊला सुरू झालेली उपासना साडेअकराला संपू शकते. त्रोवस शहरात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलासारखा वक्ता असूनही माणसाच्या शरीराला मर्यादा असते, हे शास्त्राने लपवलेलं नाही. साडेबाराला सगळ्यांनी निघायचं. ज्यांना बोलायचंय, प्रार्थना करून घ्यायचीय, त्यांना तुमच्या मिस्टरांनी आठवड्यात वेळ द्यावा, शक्यतो त्यांच्या घरी जाऊन.

जेवण दर रविवारी नको. चहा-बिस्किटं पुरेत, आणि तो चहासुद्धा आळीपाळीने. महिन्यातून एकदा प्रीतिभोजन, प्रत्येकाने आपला डबा आणावा. खाण्यापिण्याला तुम्हाला घरं नाहीत का, असं पौल करिंथकरांना विचारतो. संदर्भ वेगळा आहे, तिथे श्रीमंत आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पण मंडळीतलं जेवण कुणाच्या जिवावर चाललंय हे तपासायची सवय त्यातूनच लागते. तुमच्याकडे ते तुमच्या जिवावर चाललंय. कामाची यादी करून स्वयंपाकघराच्या दाराला लावा, आणि त्यात पुरुषांचीही नावं हवीत. खुर्च्या उचलायला भाऊ पुढे येतातच, पातेली घासायलाही येऊ द्या. तुमच्या मिस्टरांनी पहिल्या रविवारी स्वतः बेसिनपाशी उभं राहिलं, तर पुढच्या रविवारपासून कुणाला सांगायची गरज पडणार नाही.

एक एकटा म्हातारा माणूस, किंवा ज्याची रविवारी घरी कुणीच जेवायला वाट बघत नाही असा कुणी, तुमच्याकडे येत असेल. त्याला मात्र थांबवून घ्या आणि घरच्या ताटावर बसवा. पाहुणचार सोडा असं मी म्हणत नाहीये. चाळीस जणांची पंगत उठवताना त्या एकाच्या शेजारी बसायला तुम्हाला वेळ मिळत नाही, म्हणून हा आटापिटा.

पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. बहुधा लाजेने. गॅस, वीज, साखर-चहापत्ती, पाण्याचे जार, हा खर्च तुमच्या दोघांच्या पगारातून जातोय, हो ना? तो अर्पणातून यायला हवा. त्यात कमीपणा नाही. अर्पण दोघांनी मिळून मोजावं, वहीत लिहावं, आणि त्या दोघांत तुमच्या घरचं कुणी नसावं. ते तुमच्या मिस्टरांच्या खात्यात जमा होत असेल तर आजच थांबवा, कितीही प्रामाणिकपणे असलं तरी. मंडळी वाढतेय, तेव्हा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करण्याचा विचार करा. मग मंडळीच्या नावाने खातं निघतं, दरवर्षी हिशेब तपासला जातो आणि हॉलचं भाडं मंडळी भरू शकते. वकिलाचा सल्ला घेऊनच करा.

सोसायटीबद्दल थोडं. घरगुती प्रार्थनासभांकडे हल्ली संशयाने पाहिलं जातं, त्यामुळे शेजाऱ्यांशी आपण होऊन बोलावं. जिन्यात चपलांचा ढीग नको, दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाड्या नकोत. फ्लॅटमध्ये ढोलकी, खंजिरी आणि गळे पुरेसे आहेत, स्पीकर लावूच नये. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. पण नियमापर्यंत जायची वेळच येऊ देऊ नये. खालच्या मजल्यावर कुणी आजारी असेल तर त्यांना तुमची गाणी ऐकून बरं वाटतंय की त्रास होतोय, हे दार वाजवून विचारा.

आता त्या बहिणीविषयी, जी लेकरांना घेऊन आली होती. तिला दार उघडलंत, देव तुमचं भलं करो. पण हे काम एका घराने एकट्याने पेलायचं नाही. तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला असता तर तुमची मुलगी, सासूबाई, तो लहान मुलगा, सगळेच धोक्यात होते. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ हे क्रमांक मंडळीतल्या प्रत्येक बाईला पाठ हवेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, ते न्यायालयातून संरक्षणाचे आदेश मिळवून द्यायला मदत करतात. राहण्याची सोय सरकारी सखी केंद्रातून होऊ शकते. प्रार्थना जरूर करावी, पण "सहन कर, परत जा" हा सल्ला तुमच्या घरातून कुणी देऊ नये. ती आत्ता सुरक्षित आहे का, हे या आठवड्यात तुम्ही किंवा मंडळीतल्या दुसऱ्या बहिणीने जाऊन बघा.

मुलांबद्दल दोन गोष्टी राहिल्या. मोठी मंडळी हॉलमध्ये आणि लहान मुलं आतल्या खोलीत रविवारच्या शाळेला, अशी तुमची व्यवस्था असेल तर त्या खोलीचं दार उघडं राहिलं पाहिजे आणि नेहमी दोन मोठी माणसं हवीत, एक कधीच नको. माणूस कितीही विश्वासातला असो. घरातल्या मंडळीत सगळे "आपलेच" असतात आणि नेमकं त्यामुळेच कुणाचं लक्ष नसतं. तुमच्या मुलाला मुद्दाम शिकवा, की घरात आलेल्या कुठल्याही काकांच्या मांडीवर बसायला तो नाही म्हणू शकतो. दुसरं, पास्टरची मुलगी म्हणून तुमच्या लेकीने गाणं म्हणायलाच हवं, कीबोर्डवर बसायलाच हवं, असं नको. तिला मनापासून आवडत असेल तर वेगळं. आणि घरातल्या गोष्टी प्रवचनात सांगण्याआधी तिला विचारायचं. तिने नाही म्हटलं तर नाही.

हे सगळं तुमच्या मिस्टरांना कसं सांगायचं? रविवारी रात्री सांगू नका, दोघेही दमलेले असता. त्यांची आणि तुमची ड्युटी जुळेल अशी एक संध्याकाळ काढा, घराबाहेर भेटा, अगदी बागेतल्या बाकावर. सोबत एक कागद न्या. त्यावर मागच्या एका आठवड्यात मंडळीच्या कामाला तुमचे किती तास गेले, त्यांचे किती, आणि घरातल्या पाचही जणांनी मिळून एका ताटाशी बसून किती वेळा जेवलात, एवढंच लिहा. तक्रारीची वाक्यं नकोत. कागद त्यांना वाचू द्या आणि तुम्ही मात्र गप्प राहू नका. "मी देवाला नाही म्हणत नाहीये. या पद्धतीला नाही म्हणतेय." एवढं एकदा मोठ्याने म्हणा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय ते जाणतात. ज्याला आपल्या घराचा कारभार नीट ठेवता येत नाही तो मंडळीची काळजी कशी घेईल, असं पौल विचारतो. हा दाखला त्यांच्यावर उगारू नका, नवऱ्यावर उगारलेलं वचन कधी कामाला आलेलं मी पाहिलं नाही. त्यांनी स्वतः तो काढावा, तेवढी जागा ठेवा.

त्यांच्या बाजूनेही मी विचार केला. चाकणला पाळ्या करायच्या, घरी येऊन वचनाचा अभ्यास करायचा, रात्री-बेरात्री फोन घ्यायचे. तेही थकलेत, आणि थकलेला माणूस काम सोडण्याऐवजी आणखी घट्ट धरून बसतो. "देवाचं काम" म्हणताना त्यांना भीती वाटत असेल, की आपण सैल झालो तर हे सगळं विस्कटेल. ही भीती कुणाजवळ तरी बोलून दाखवायला हवी. त्यांच्यावर कुणी आहे का? स्वतंत्र घरगुती मंडळ्यांत हे बहुधा नसतं, आणि मला त्याची काळजी वाटते. एखादे निवृत्त पाळक, एखादं वयस्कर जोडपं, ज्यांना तुमच्या अर्पणाशी आणि संख्येशी काही देणंघेणं नाही, अशांकडे दोघांनी महिन्यातून एकदा जावं. त्यांनी विचारावं आणि तुमच्या मिस्टरांनी उत्तर द्यावं. तुमच्या बोलण्याने काहीच हललं नाही, तर त्या जोडप्यासमोर हा विषय काढा. त्याला चहाडी समजू नका.

मराठी ख्रिस्ती माणसाला असं भरलेलं घर नवं नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी कोण येईल, किती दिवस राहील आणि टिळक खिशातलं काय कुणाला देऊन येतील याचा नेम नसायचा, आणि त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची जी ओढाताण व्हायची ती त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलीय. आपण ते हसत वाचतो, टिळकांच्या मोठेपणाने भारावतो. पण लक्ष्मीबाई काही मुकाट्याने सोसत बसलेल्या नव्हत्या. त्या बोलत, भांडत, अडवत आणि तरीही माणसांना जीव लावत. घर टिकलं ते त्या बोलत होत्या म्हणून, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तुम्हीही बोला.

तुमच्या सुटीबद्दल शेवटचं. नर्सची साप्ताहिक सुटी रविवारी आली की ती मंडळीत जाते आणि सोमवारी तुम्ही पुन्हा ड्युटीवर. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा येशूने स्वतःच त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं. लोक तेव्हाही वाट बघतच होते. महिन्यातून दोन सुट्या रविवार सोडून मागून घ्या. त्या दिवशी फोन मिस्टरांनी घ्यायचा, दार त्यांनी उघडायचं.

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तोवर बुधवार आणि शुक्रवार तुमच्या घरी काहीही नाही, हे याच रविवारी मंडळीत जाहीर व्हायला हवं, तेही तुमच्या मिस्टरांच्या तोंडून, आणि कारण सांगून. "आमच्या मुलीची परीक्षा आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा." लोक समजून घेतील. कुणी कुरकुरलं, तर बुधवारची पहिली प्रार्थना त्यांच्याच घरी ठेवा. मुलीला मात्र आज रात्रीच सांगा की तिचं म्हणणं तुम्हाला पटलंय, रविवारची वाट बघू नका.